भाडेपावतीत न मावलेले घर

मुंबईतील बीडीडी चाळींविषयी दोन प्रकारची विधाने केली जातात आणि ती परस्परविरोधी वाटत असली तरी दोन्ही खरी आहेत. पहिले विधान कागदोपत्री आहे: तळमजला आणि वर तीन मजले अशी इमारत, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, शौचालये सामाईक, आणि शंभरीला टेकलेल्या काँक्रीटमधून डोकावणाऱ्या गंजलेल्या सळ्या. दुसरे विधान तिथे तीन-चार पिढ्या काढलेल्या कुटुंबांचे आहे आणि त्यात शेजार, गॅलरी, मंडळाचा गणपती, कोणाच्याही घरी हक्काने मिळणारे जेवण यांचा उल्लेख वारंवार येतो. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या पुनर्विकासातील पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या चाव्या देण्यात आल्या. हक्काचे मोठे घर मिळाल्याचे समाधान आणि जुनी खोली सुटल्याची हुरहूर या दोन्ही भावना एकाच माणसाच्या मनात एकाच वेळी कशा नांदतात, हे कोडे चाळीत वाढलेल्यांना परिचयाचे आहे. मात्र पुढच्या काळातील अभ्यासकाच्या हाती बहुतेक वेळा पहिले विधानच लागते, कारण ते दप्तरात नोंदलेले असते.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावरून जमीन कोणाच्या नावावर आहे, क्षेत्र किती, पीक कोणते आणि बोजा कोणाचा हे कळते. पण पावसाळ्यात कोणत्या बांधाशी पाणी तुंबते आणि कोणत्या तुकड्यात काहीही पेरले तरी उगवत नाही, हे कसणाऱ्यालाच विचारावे लागते. सरकारी घरांच्या बाबतीतही भाडेपावत्या, नकाशे आणि दुरुस्तीचे अहवाल हा झाला उतारा. कसणाऱ्याला विचारण्याचे काम गेल्या दोन-तीन दशकांत जगातील अनेक शहरांमध्ये रहिवाशांच्या कथनाचे आणि कलेचे उपक्रम करू लागले आहेत. हे उपक्रम नेमके कसे चालतात, त्यांतून काय साधते आणि ते कुठे फसतात, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील शिकागो शहराचे उदाहरण सर्वांत उपयोगी आहे. कारण तिथे सार्वजनिक घरांची उभारणी, पडझड, पाडकाम आणि आठवणींची जपणूक ही सगळी साखळी एकाच शहरात पाहायला मिळते.

## घरे बांधली कशी आणि खचली कशी

सार्वजनिक गृहनिर्माण म्हणजे शासनाने किंवा शासकीय संस्थेने बांधलेली, मालकी स्वतःकडे ठेवलेली आणि कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना माफक भाड्याने दिलेली घरे. म्हाडाची सोडतीत विकली जाणारी घरे या व्याख्येत बसत नाहीत. बीडीडी चाळी मात्र मुळात तशाच होत्या. अमेरिकेत १९३०च्या दशकातील महामंदीत केंद्र सरकारने अशी घरे बांधायला घेतली. शिकागोच्या पश्चिम भागात १९३८ साली ‘जेन अ‍ॅडम्स होम्स’ ही वसाहत सुरू झाली. तिच्यात ३२ इमारती आणि १,०२७ घरे होती, इमारती दोन ते चार मजल्यांच्या होत्या आणि मधल्या चौकात एडगर मिलर या शिल्पकाराने दगडात घडवलेले प्राणी बसवले होते, ज्यांच्या पाठीवर चढून मुलांच्या कित्येक पिढ्या खेळल्या. गरिबांच्या घरांना शिल्पकार लागतो, हे त्या काळच्या योजनाकारांना मान्य होते, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत हे चित्र पालटले. नंतर आलेल्या वसाहती उंच मनोऱ्यांच्या आणि प्रचंड होत्या. १९६२ साली पूर्ण झालेल्या ‘रॉबर्ट टेलर होम्स’मध्ये १६ मजल्यांच्या २८ इमारती एका रांगेत उभ्या होत्या. घरे कुठे बांधायची हे ठरवताना कृष्णवर्णीयांच्या वस्त्याच जाणूनबुजून निवडल्या गेल्या, असा निष्कर्ष १९६६ साली दाखल झालेल्या गॉट्रो खटल्यात न्यायालयाने १९६९ साली काढला. पैशाची व्यवस्थाही मुळातच कच्ची होती. बांधकामाचा खर्च केंद्र सरकार देणार, पण रोजची देखभाल भाड्यातून भागवायची, असा तो हिशेब होता. उत्पन्नाची मर्यादा ओलांडलेल्या कुटुंबांना घर सोडावे लागे, त्यामुळे बरे भाडे देऊ शकणारे निघून जात आणि मागे राहिलेल्यांच्या भाड्यातून लिफ्टची दुरुस्तीही भागत नसे. १९६९ साली भाडे कुटुंबाच्या उत्पन्नाच्या चौथ्या हिश्शापुरते मर्यादित करणारा कायदा झाला. भाडेकरूंच्या दृष्टीने तो न्याय्य होता, परंतु त्यामुळे तिजोरीत पडलेला खड्डा भरून काढण्याइतके अनुदान कधी आले नाही. डी. ब्रॅडफर्ड हंट या इतिहासकाराने आणखी एका कारणाकडे लक्ष वेधले आहे: या मनोऱ्यांमध्ये मोठ्या कुटुंबांसाठी घरे असल्याने मुलांची संख्या प्रौढांच्या मानाने अतोनात वाढली आणि एवढ्या मुलांकडे लक्ष ठेवायला पुरेशी मोठी माणसेच आसपास नव्हती.

ही सगळी कारणे धोरणातील होती. वृत्तपत्रांतून आणि चित्रपटांतून मात्र बंद पडलेली लिफ्ट, अंधारे जिने आणि गोळीबार एवढेच दिसत राहिले आणि दोष हळूहळू तिथे राहणाऱ्या माणसांच्या माथी गेला. २००० साली शिकागोच्या गृहनिर्माण प्राधिकरणाने ‘परिवर्तन योजना’ हाती घेतली. तिच्यात सुमारे १८,००० घरे पाडायची आणि एकंदर २५,००० घरे नव्याने बांधून वा दुरुस्त करून द्यायची असे ठरले. पाडकाम वेगाने झाले. नव्या घरांना मात्र फार विलंब लागला.

## भाडेकरूंनी मागितलेले संग्रहालय

इमारती पडू लागल्या तेव्हा काही जुन्या भाडेकरूंनी एक अनपेक्षित मागणी केली. जेन अ‍ॅडम्स वसाहतीतील एक तरी इमारत राखावी आणि तिथे आपली गोष्ट आपणच सांगू, असे त्यांचे म्हणणे होते. या मागणीच्या अग्रभागी डेवेरा बेव्हर्ली या भाडेकरूंच्या नेत्या होत्या. २००७ साली संग्रहालयाची संस्था स्थापन झाली आणि निधी, परवानग्या व दुरुस्ती यांत तब्बल अठरा वर्षे गेल्यावर, ४ एप्रिल २०२५ रोजी, ‘नॅशनल पब्लिक हाउसिंग म्युझियम’ त्या वसाहतीच्या शिल्लक राहिलेल्या एकमेव इमारतीत खुले झाले. बेव्हर्ली यांचे त्याआधीच निधन झाले होते. मिलर यांची दगडी प्राणिशिल्पे दुरुस्त होऊन पुन्हा अंगणात आली आहेत. त्याच संकुलात १५ घरेही आहेत, म्हणजे ज्या विषयाचे संग्रहालय तो विषय शेजारच्या दारामागे जिवंत नांदतो आहे. या उपक्रमातील सर्वांत शहाणपणाचा निर्णय कदाचित हाच असावा.

इमारतीत वेगवेगळ्या दशकांतील तीन कुटुंबांची घरे पुन्हा मांडली आहेत. त्यांत एक ज्यू, एक इटालियन वंशाचे आणि एक आफ्रिकी-अमेरिकी कुटुंब आहे. अमेरिकेत सार्वजनिक घर म्हटले की एकाच वंशाचे चित्र डोळ्यांसमोर येते. एका जिन्यावरून ही तिन्ही घरे पाहिली की ते चित्र किती उशिरा आणि कोणत्या निर्णयांमुळे तयार झाले याचा उलगडा पाहणाऱ्याला आपोआप होतो. दुसऱ्या दालनात सार्वजनिक घरांतून आलेल्या रोजच्या वापराच्या वस्तू आहेत. एरवी संग्रहालयात वस्तूखालची टीप तज्ज्ञ लिहितात आणि तीत साल, धातू व लांबी-रुंदी असते. इथे ती वस्तू ज्याची, त्यानेच लेखन कार्यशाळेत बसून टीप लिहिलेली आहे.

हा बदल वरवर किरकोळ वाटेल, पण या उपक्रमांचे मर्म त्यातच आहे. स्वयंपाकघरातील एखादे भांडे तज्ज्ञाच्या हाती गेले की ‘अल्पउत्पन्न गटातील कुटुंबाचे भांडे’ होते. तेच भांडे वापरणाऱ्या बाईने लिहिले तर त्यात किती जणांचा रस्सा शिजायचा, महिनाअखेरीस त्यात काय पडायचे, शेजारीण ते कोणत्या कार्याला मागून न्यायची आणि परत देताना त्यात काय घालून द्यायची, हे सगळे येते. पहिल्या टिपेतून वाचकाला दारिद्र्य दिसते, तर दुसऱ्या टिपेतून त्या दारिद्र्यात चाललेला कारभार, म्हणजे नियोजन, पत, देवघेव आणि स्वाभिमान दिसतो. एखाद्या वसाहतीविषयी निर्णय घेणाऱ्यांनी यांपैकी कोणती टीप वाचली आहे, यावर तिथल्या लोकांकडे ओझे म्हणून पाहिले जाईल की जाणते म्हणून, हे बरेचसे ठरते.

## आठवणीचा पुरावा कसा होतो

संग्रहालयाच्या कामाचा कणा मौखिक इतिहास हा आहे आणि तो गोळा करणारी माणसे बाहेरून आणलेली नाहीत. ‘ब्यूटी टर्नर अकॅडमी ऑफ ओरल हिस्ट्री’ या नावाने चालणाऱ्या वर्गांत सार्वजनिक घरांतील रहिवाशांनाच मुलाखतीचे शिक्षण दिले जाते. ब्यूटी टर्नर या स्वतः रॉबर्ट टेलर होम्सच्या रहिवासी आणि पत्रकार होत्या. पाडकामाच्या काळात त्यांनी बसफेऱ्या काढून शहरातील इतर लोकांना या वसाहती आतून दाखवल्या आणि त्यांच्याविषयी छापून येणाऱ्या मजकुराला उत्तर दिले. २००८ साली त्यांचे निधन झाले.

> चौकट : मौखिक इतिहास म्हणजे काय?
>
> घडलेल्या गोष्टी ज्यांनी अनुभवल्या त्यांच्याकडून, ठरवून घेतलेल्या आणि ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखतींतून उभा राहणारा इतिहास म्हणजे मौखिक इतिहास. गप्पांपेक्षा तो वेगळा असतो, कारण मुलाखतीची तयारी केलेली असते, सांगणाऱ्याची लेखी संमती घेतलेली असते आणि मुद्रण जपून ठेवून इतरांना ऐकता येईल अशी सोय केलेली असते. बातमीपेक्षाही तो वेगळा असतो, कारण तिथे एका वाक्याचा उतारा पुरतो आणि इथे संपूर्ण कथन जसेच्या तसे राखले जाते. मुलाखतीचा लिखित मसुदा सांगणाऱ्याला दाखवला जातो. कोणता भाग सर्वांना खुला करायचा आणि कोणता काही वर्षे बंद ठेवायचा, हे ठरवण्याचा अधिकार त्याचाच असतो.

मुलाखत साधते ती प्रश्नाच्या ठेवणीमुळे. ‘या खोलीत किती माणसे राहत होती?’ असे विचारले तर आकडा मिळतो आणि संभाषण तिथेच थांबते. ‘रात्री कोण कुठे झोपायचे?’ असे विचारले तर सांगणारा हातानेच खोलीची वाटणी करू लागतो: खाटेवर कोण, खाटेखाली कोण, गॅलरीत कोण, पाहुणा आला की कोणाला शेजारी पाठवायचे, परीक्षा जवळ आली की कोणत्या मुलाला दिव्याखालची जागा मिळायची. कुटुंबातील मानपान, मुलगा-मुलगी यांतील भेद, शेजाऱ्यावरचा भरवसा अशा कितीतरी गोष्टी या एका उत्तरातून कळतात आणि जनगणनेच्या कोणत्याही रकान्यात त्या सापडणार नाहीत. म्हणूनच शिकलेला मुलाखतकार मोठे प्रश्न टाळून लहान, जागेशी आणि वेळेशी बांधलेले प्रश्न विचारतो. उत्तर संपल्यासारखे वाटले तरी थोडा थांबतो, कारण पुष्कळदा महत्त्वाची गोष्ट त्या थांब्यानंतर येते. मुलाखतकार त्याच वसाहतीतला असेल तर त्याला पाण्याची वेळ, जिन्यावरची भांडणे, भाडेवसुलीचा दिवस आधीच ठाऊक असतो, त्यामुळे सांगणाऱ्याला पायापासून समजावत बसावे लागत नाही. त्याचबरोबर एक धोकाही असतो: जे दोघांनाही माहीत आहे ते बोललेच जात नाही आणि मुद्रणात येत नाही. ‘ऐकणाऱ्याला काहीच माहीत नाही असे समजून सांगा’ अशी विनंती करण्याची सवय अशा मुलाखतकाराला मुद्दाम लावून घ्यावी लागते.

माणसाची आठवण चुकते, मग तिच्यावर इतिहास कसा उभारायचा, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे सर्वांत समर्पक उत्तर इटलीतील अलेस्सांद्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने दिले. टेर्नी या पोलाद कारखान्यांच्या शहरात १९४९ साली नाटो करारविरोधी निदर्शनाच्या वेळी लुईजी त्रास्तुल्ली हा तरुण कामगार पोलिसांच्या हातून मारला गेला. पुढे कित्येक कामगारांनी मुलाखतींत हा मृत्यू १९५३ साली, कामगारकपातीविरुद्धच्या संघर्षात झाल्याचे सांगितले. साल चुकले हे कागदपत्रांवरून पडताळता येते. पण इतके जण एकाच दिशेने का चुकले, याचा शोध घेतला तेव्हा उलगडले की आपला साथीदार एका परराष्ट्र कराराच्या निदर्शनात गेला यापेक्षा तो आपल्या पोटाच्या लढ्यात गेला, असे सांगणे त्या कामगारांना अधिक अर्थपूर्ण वाटत होते. घटना कधी घडली यासाठी कागद पाहावा आणि घटनेचा लोकांनी काय अर्थ लावला यासाठी आठवण ऐकावी, हा धडा पोर्तेल्लींच्या कामातून मिळतो. सार्वजनिक घरांच्या कथनालाही तो तंतोतंत लागू पडतो. ‘तेव्हा आमच्याकडे दारे कधी बंदच नसत’ असे कोणी सांगितले तर ते मोजमाप म्हणून घेऊ नये; बंद दाराविषयी सांगणाऱ्याला आज काय वाटते, याची ती साक्ष आहे.

## कविता सांगणारे दिवे

कथन नेहमी शब्दांतच राहते असे नाही. शिकागोच्याच कॅब्रिनी-ग्रीन वसाहतीतील शेवटचा मनोरा २०११च्या मार्चअखेरीस पाडायला घेतला गेला, तेव्हा यान टिची या कलावंताने स्थानिक मुलामुलींसाठी काव्यलेखनाच्या कार्यशाळा घेतल्या. मुलांनी आपल्या आवाजात म्हटलेल्या कवितांचे रूपांतर उघडझाप करणाऱ्या प्रकाशात केले गेले आणि रिकाम्या झालेल्या १३४ घरांत एकेक दिवा ठेवला गेला. पाडकाम सुरू असताना रोज संध्याकाळी हे दिवे लुकलुकत राहिले. यंत्राने एखादे घर फोडले की त्या घरातला दिवा त्याच्यासह जाई. कविता प्रकाशातून वाचता येत नव्हत्या हे खरे. पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला तो मनोरा प्रथमच १३४ वेगवेगळ्या घरांचा दिसला असणार.

सिडनीच्या वॉटर्लू वसाहतीत २०१७ साली असाच पण एका बाबतीत निराळा प्रयोग झाला. पुनर्विकासाची घोषणा आधीच झाली होती, माणसे मात्र अजून तिथेच राहत होती. माटावाई आणि तुरांगा या ३० मजली मनोऱ्यांतील रहिवाशांनी आपापल्या खिडकीत रंगीत दिवा लावला आणि रंग कोणता हे ज्याने त्याने ठरवले. ‘आम्ही इथे राहतो’ एवढाच त्याचा संदेश होता. लंडनमधील हॅगर्स्टन वसाहतीत नगरपालिकेने रिकाम्या घरांच्या खिडक्यांवर नारिंगी फळ्या ठोकल्या होत्या आणि त्यामुळे अजून लोक राहत असलेली इमारतही ओसाड दिसू लागली होती. तिथल्या रहिवासी कलावंतांनी २००९ साली त्या फळ्यांच्या जागी रहिवाशांची मोठमोठी छायाचित्रे लावली. कॅब्रिनी-ग्रीनमध्ये कलेने निरोप दिला; सिडनीत आणि लंडनमध्ये तिने लोकांच्या हजेरीची नोंद घ्यायला लावली. निरोपालाही मोल आहेच, तथापि लोक अजून घरात असताना केलेल्या कामाचे वजन अधिक असते.

## कलेचा पडदा कधी होतो

अशा उपक्रमांना एक मोठा धोका आहे आणि त्याची चर्चा टाळून चालणार नाही. घरे रिकामी करून घेणारीच संस्था किंवा विकासक भिंतीवर सुंदर चित्र काढण्यासाठी, स्मरणिका छापण्यासाठी वा माहितीपट करण्यासाठी पैसे देते, तेव्हा ती कला विस्थापनावरचा पडदा ठरू शकते. लोकांच्या आठवणींचा गौरव होतो आणि त्यांच्या परतण्याच्या हक्काचा प्रश्न मागे पडतो. अशा उपक्रमाची पारख करताना कलाकृतीच्या देखणेपणाकडे न पाहता काही रोखठोक गोष्टी तपासाव्या लागतात. मुद्रणाची मालकी कोणाकडे आहे? सांगणाऱ्याला आपले शब्द मागे घेता येतात का? मुलाखत घेणाऱ्या आणि देणाऱ्या रहिवाशांना त्यांच्या वेळेचा मोबदला मिळतो का? प्रशासनाविरुद्ध केलेली तक्रार छापली जाते, की फक्त गोड आठवणीच निवडल्या जातात? यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कसोटीचा आहे, कारण केवळ सुखद आठवणींचा संग्रह हाही अपुरा उताराच असतो.

## मुंबईच्या चाळींकडे पाहताना

मुंबईत १९२० साली, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले आणि त्याच्या आद्याक्षरांवरूनच या चाळींना नाव मिळाले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीवर एक रुपया कर बसवून पैसा उभा केला गेला. बेत ५०,००० खोल्यांचा होता. प्रत्यक्षात वरळीत १२१, नायगावला ४२, आताच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीत १२ अशा २०७ इमारती उभ्या राहिल्या. भाडे कामगारांना परवडेना म्हणून सुरुवातीला कितीतरी खोल्या रिकाम्या पडल्या होत्या आणि सविनय कायदेभंगाच्या काळात वरळीच्या काही इमारतींचा तात्पुरता तुरुंग म्हणून वापर झाला. पुढे गिरणी कामगार, गोदी कामगार, पोलीस, सफाई कामगार यांनी त्या भरल्या. कोकणातील आणि घाटावरील एकेका गावच्या मंडळींनी मिळून एकेक खोली धरली.

कथनाची आणि कलेची परंपरा या वस्तीत बाहेरून आणावी लागली नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली उभारलेले लाल बावटा कलापथक गिरणगावाच्याच मैदानांत गाजले. आंबेडकरी जलशांनी जागृतीचे काम केले. वामनदादा कर्डक शिवडीच्या बीडीडी चाळीत राहत असतानाच लिहायला-वाचायला शिकले. गिरणगावाच्या मौखिक इतिहासाचे भक्कम कामही झालेले आहे: मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी घेतलेल्या कामगारांच्या मुलाखती २००४ साली ‘वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस’ या ग्रंथात प्रसिद्ध झाल्या. मात्र शाहिरीचा आणि मौखिक इतिहासाचाही रोख साहजिकच लढ्याकडे, गिरणीकडे आणि संपाकडे अधिक राहिला. सरकारने बांधलेली खोली, तिचे भाडे, तिची दुरुस्ती, तिच्यातली झोपण्याची जागा हा स्वतंत्र विषय म्हणून अजून फारसा कोणी हाती घेतलेला नाही.

तो हाती घेताना गॅलरीतल्या जिव्हाळ्यापाशी थांबून चालणार नाही. पाण्याच्या आणि शौचालयाच्या रांगेचा भार कोणावर किती पडत होता, हे बायकांना विचारावे लागेल. कोणत्या चाळीत कोणत्या जातीची वस्ती होती आणि ती तशी का झाली, हेही विचारावे लागेल. जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर वरळीच्या बीडीडी चाळींत दंगल उसळली आणि त्याच महिन्यात निषेधाच्या मोर्चात भागवत जाधव यांचा मृत्यू झाला. त्या दिवसांची आठवण एका चाळीत एक आणि समोरच्या चाळीत दुसरीच असणार. पोलीस दप्तरात दगडफेकीची, अटकेची नोंद सापडेल; पण दंगल शमल्यावर त्याच नळावर, त्याच दुकानात, त्याच शाळेत ही माणसे एकमेकांसमोर पुन्हा कशी उभी राहिली, हे सांगू शकणारी पिढी आज सत्तरीच्या पुढे आहे. दोन्ही बाजूंची कथने शेजारी शेजारी ठेवणे, त्यांतील विसंगती न पुसणे आणि ज्याला नाव उघड करायचे नाही त्याचे नाव बंद ठेवणे ही शिस्त इथे कळीची ठरते.

वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील पुनर्विकास म्हाडामार्फत टप्प्याटप्प्याने चालू आहे. शिवडीच्या १२ इमारती मात्र बंदर प्राधिकरणाच्या जमिनीवर असल्याने मागे राहिल्या आहेत. रहिवाशांच्या दृष्टीने हा अन्याय्य विलंब आहे. पण त्यामुळे शिवडीत मुलाखतींचे काम इमारत उभी असताना, आराखडा पक्का होण्याआधी आणि सांगणारा आपल्याच खोलीत बसलेला असताना करता येईल. चाळीतील महाविद्यालयीन मुलामुलींना प्रशिक्षण आणि मानधन देऊन ते सुरू करता येते. त्याला लागणारे ध्वनिमुद्रणाचे साधन आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मुद्रणे ठेवण्यासाठी सार्वजनिक ग्रंथालय आणि संमतीपत्राचा सोपा मराठी नमुना एवढी तजवीज आधी करावी लागेल. गॅलरीत सकाळी धान्य निवडले जाते, दुपारी म्हातारी माणसे बसतात, संध्याकाळी मुले अभ्यास करतात आणि मे महिन्यात रात्री अर्धी चाळ तिथेच झोपते, असे पन्नास कुटुंबांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितले असेल, तर नव्या इमारतीत उद्वाहनासमोरची मार्गिका किती रुंद ठेवावी, तिला उजेड कुठून मिळावा आणि तिच्यात बसायला जागा असावी की नसावी, हे ठरवताना वास्तुविशारदासमोर नियमावलीतील किमान रुंदीबरोबर ती पन्नास उत्तरेही ठेवता येतील.